देवाची शीव आणि शाळेचे दफ्तर

शिक्षणाचा प्रसार झाला की पंथापंथांतील वैर आपोआप ओसरेल, हा एकोणिसाव्या शतकापासून आपल्या सुधारकांनी उराशी बाळगलेला विश्वास आहे, आणि तो इतका उदात्त आहे की त्याची परीक्षा घेणेही कृतघ्नपणाचे वाटावे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाने ती परीक्षा घेतलेली आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी जी आग भडकली आणि जिचे लोळ जळगाव-महाडपर्यंत गेले, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसांचा बळी घेणाऱ्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने केली. हे अहवाल जो कोणी स्वस्थ चित्ताने वाचील, त्याला एवढे कबूल करावे लागेल की द्वेषाचा मजकूर रचणारे, तो छापणारे आणि तो वाचून पेटणारे लोक निरक्षर नव्हते. शाळेच्या इयत्तांमागून इयत्ता ओलांडून ते तेथवर पोहोचले होते. उलट राज्याच्या पूर्व टोकाला, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमाशी वसलेल्या भामरागडच्या मुलुखात, जेथे पन्नास वर्षांपूर्वी अक्षरओळख असलेला माणूस शोधावा लागे, तेथे धर्माच्या नावाने गाव पेटल्याचे ऐकिवात नाही.

या तुलनेवरून अज्ञानाचे गोडवे गाण्याचा मोह कोणाला झाला तर तो घातक ठरेल. भामरागडच्या अज्ञानाने माणसे मलेरियाने, क्षयाने, बाळंतपणात आणि सावकाराच्या व वनखात्याच्या कनिष्ठ नोकरांच्या जाचात किती मेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा पाया घातला तो याच कारणाने. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या समाजात पंथद्वेष जवळजवळ नव्हता, त्या समाजात शाळा गेल्यावर तिने त्याला काय दिले व त्याच्याकडून काय काढून घेतले, हे नीट पाहिले, तर शालेय शिक्षणाने असहिष्णुतेशी झुंजावे कसे, या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या परिसंवादांपेक्षा येथे अधिक स्पष्ट सापडेल, असे मला वाटते.

भामरागडच्या माडिया गोंडांचा धर्म कोणा संस्थापकाने सांगितलेला नाही, आणि त्याचा ग्रंथही नाही. गावची भूमी, डोंगर, पूर्वज आणि कुळाचे देव यांच्याशी असलेल्या करारासारखे त्याचे स्वरूप आहे. गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी, त्या कराराची आठवण ठेवतो. पेरणीआधी विज्जा पंडुम हा सण झाल्याखेरीज बियाणे भूमीत पडत नाही, आणि आंब्याचा पंडुम झाल्याखेरीज नवा आंबा कोणी तोंडात घालीत नाही. मृतांसाठी उभारलेल्या शिळा आजही या भागातील रस्त्यांच्या कडेने दिसतात. या धर्माचे एक लक्षण मला विशेष विचार करण्याजोगे वाटते: येथल्या देवाला शीव आहे. एका गावच्या भूमीचा देव त्या गावच्या शिवारापुरता थोर असतो, आणि शेजारच्या गावाने आपला देव सोडून याला भजावे अशी त्याची अपेक्षा नसते. सार्वभौमत्वाचा दावाच नसल्यामुळे परक्या देवाचे अस्तित्व हा त्याला अपमान वाटत नाही.

दुसरे लक्षण तर याहून मोलाचे आहे. गोंड समाजात कुळांची विभागणी देवांच्या संख्येवरून होते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आणि नियम असा की समान देवसंख्येची कुळे परस्परांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होऊ शकत नाही. सोयरा मिळवायचा तर देवसंख्येने निराळाच असला पाहिजे. ही व्यवस्था एकाच जमातीच्या पोटातील आहे आणि दोन भिन्न धर्मांतील नात्याशी तिची बरोबरी करणे शास्त्रशुद्ध होणार नाही, हे मी जाणतो. तरीही, ज्या राज्यात भिन्न धर्मांच्या मुलामुलींनी विवाह केला की दोन्हीकडच्या वाड्या-वस्त्यांत पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, त्याच राज्याच्या एका कोपऱ्यात देवांचे वेगळेपण हीच नात्याची पूर्वअट मानणारे लोक शतकानुशतके नांदत आले आहेत, ही गोष्ट आपल्या एकाही विद्यार्थ्याला शाळेत कळत नाही. भामरागडच्या विद्यार्थ्यालाही ती शाळेत कळत नाही. ती त्याला घरी ठाऊक असते, आणि शाळेत गेल्यावर ती ज्ञान म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही, एवढे मात्र कळते.

शाळेचे पहिले धार्मिक कृत्य दाखल-खारीज रजिस्टरात घडते. सहा वर्षांचे मूल बापाचे बोट धरून उभे असते, बापाला मराठी अर्धवट समजते, आणि गुरुजी धर्म व जात यांच्या रकान्यात बहुधा कोणालाही न विचारता 'हिंदू-माडिया' असे लिहून मोकळे होतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. दफ्तराला रिकामा रकाना सोसत नाही, इतकेच. ब्रिटिश अंमलातील शिरगणतींमध्ये आदिवासींच्या धर्मासाठी निरनिराळ्या नावांनी का होईना, वेगळी नोंद होत असे. १९५१ पासून ती राहिली नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर धर्म' या सदराखाली देशातील सुमारे ७९ लाख लोकांनी नोंद करविली, त्यांत सुमारे दहा लाखांनी आपला धर्म गोंडी म्हणून सांगितला. आदिवासी हे हिंदूच आहेत की त्यांचा धर्म स्वतंत्र आहे, हा वाद विद्वानांचा, राजकारण्यांचा आणि नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या कोया पुनेमच्या, म्हणजे गोंडी धर्माच्या, अभ्यासकांचा आहे. त्याचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. परंतु तो मुख्याध्यापकाच्या लेखणीलाही नाही, हे मी ठामपणे म्हणेन. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, कोणत्याही व्यक्तीला आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही, असा निर्वाळा दिलेला आहे, आणि अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, हे तर सर्वश्रुत आहे. मग हा रकाना बापाला त्याच्या भाषेत विचारून भरला, आणि त्याने काही न सांगितल्यास कोरा ठेवला, तर कोणाचे काय बिघडेल?

रजिस्टरानंतर परिपाठ येतो. आपल्याकडील सर्वधर्मप्रार्थनेची परंपरा थोर आहे. गांधींच्या आश्रमात तिचा उगम झाला, आणि याच पूर्व विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने तिला गावोगावच्या चावडीपर्यंत नेले. तिच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून एक उणीव दाखविली पाहिजे. सर्व धर्म मुळात एकच सांगतात, ही तिची धारणा. आणि ज्यांना संस्थापक आहे, ग्रंथ आहे, नीतीची वचने आहेत, अशा धर्मांची नावे घेऊन ती धारणा पटविता येते. माडियांचा धर्म वचनांत सांगता येत नाही, तो पंडुमात करावा लागतो. त्यामुळे त्या मंगल नामावलीत ठाकुरदेवाचे नाव येत नाही. सुरजागडच्या डोंगरावर त्याची यात्रा भरते, आसपासच्या तालुक्यांतून पायी माणसे येतात, तो डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात असताना त्यांनी आक्रोश केला. परंतु तेथे कळस असलेले देऊळ नसल्यामुळे ते पवित्र स्थळ आहे हेच बाहेरच्या शिक्षित माणसाच्या ध्यानात येत नाही. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगराबाबत १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंधांचा धार्मिक हक्क ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला, तेव्हा कोठे डोंगर हाही देव असू शकतो, हे देशाच्या कायद्याच्या भाषेत आले. शाळेच्या भाषेत ते अद्याप आलेले नाही.

येथे माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहे. परधर्माचा द्वेष हा स्वधर्माच्या अतिप्रेमातून जन्मतो, असा सर्वसाधारण समज आहे. भामरागडच्या सरहद्दीवर जे घडत आहे ते पाहिले तर उलट दिसते. ज्या मुलाला आपल्या पेरम्याची, आपल्या भाषेची, आपल्या कंबरवस्त्राची लाज वाटावयास शाळेने शिकविले, त्याच्या मनात एक पोकळी निर्माण होते, आणि ती भरण्यासाठी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रचारकाला ते मन सहज उपलब्ध होते. एक म्हणतो, तू मूळचा अमुक आहेस, परत ये. दुसरा म्हणतो, तुझे देव खोटे आहेत, इकडे ये. आणि दोघेही त्याला परस्परांविरुद्ध उभे करतात. भामरागडला लागूनच असलेल्या छत्तीसगडच्या नारायणपूर शहरात २ जानेवारी २०२३ रोजी जमावाने चर्चची मोडतोड केली; त्याआधीच्या महिन्यात ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांना गावांतून हाकलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे शव गावच्या भूमीत पुरू द्यावे की नाही, या वादामुळे ते जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून राहिले, आणि २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्येही मतभेद होऊन अखेर ते काही कोसांवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश द्यावा लागला. ज्या संस्कृतीने मृतांसाठी शिळा उभारल्या, तिच्या शेजारात मृताला भूमी नाकारली जावी, यापरते दुःख कोणते? गावच्या भूमीच्या देवाला शीव आहे, ही जुनी कल्पना येथे बहिष्काराचे हत्यार बनली, हेही कबूल केले पाहिजे. शीव जपणारा धर्म आक्रमण करीत नाही; पण भयभीत झाला की तीच शीव तो कुंपणासारखी वापरतो. म्हणून परंपरेतील सहिष्णुतेवर विसंबून राहता येत नाही. ती जाणीवपूर्वक, कारणांसह, नव्या पिढीला शिकवावी लागते, आणि हे काम शाळेचे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. शाळेने धर्माच्या वाटेलाच जाऊ नये; संविधानाच्या अनुच्छेद २८ ने शासकीय निधीवर पूर्णतः चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे ती उगीच नव्हे. मी या मनाईचा पूर्ण समर्थक आहे. परंतु १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने एक भेद स्पष्ट केला होता: एखाद्या धर्माची दीक्षा देणारे शिक्षण वेगळे, आणि धर्मांविषयीची माहिती देणारे शिक्षण वेगळे, पहिले निषिद्ध, दुसरे आवश्यक. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयीच्या अभ्यासाला अनुच्छेद २८ आड येत नाही, असे सांगितले. आपल्या शाळांनी मात्र या दोहोंची अदलाबदल केली आहे. शारदापूजन, गणेशोत्सव, आरत्या हे सारे 'सांस्कृतिक' म्हणून निर्वेधपणे चालते, आणि इस्लाम म्हणजे काय, बाबासाहेबांनी नागपुरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा का दिली, ख्रिस्ती माणूस रविवारी प्रार्थनामंदिरात जाऊन काय करतो, पेरमा भूमीला काय मागतो, याची सरळ, नेमकी माहिती देण्याचा प्रसंग आला की शिक्षक 'वाद नको' म्हणून पान उलटतो. ज्याची माहिती नाही त्याच्याविषयी अफवा तेवढी उरते.

आणि ही माहिती देताना सर्व धर्म सारखेच आहेत, असे सांगू नये. ते सारखे नाहीत. मूर्तीला पूजणारा आणि मूर्ती निषिद्ध मानणारा, ईश्वर मानणारा आणि ईश्वराविना धम्म सांगणारा, यांच्यातील अंतर खरे आहे. ते झाकून ठेवले की पुढे एखाद्या दिवशी ते विद्यार्थ्याला रस्त्यावर, द्वेषाच्या तोंडून कळते आणि मग शाळेने आपल्याला फसविले असे त्याला वाटते. जोतीराव फुल्यांनी १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथात असे कुटुंब कल्पिले की ज्यात आई, बाप, मुलगी, मुलगा प्रत्येकजण वेगळा धर्म स्वीकारतो आणि तरीही एका छपराखाली प्रेमाने राहतो. त्या कुटुंबातील कोणीही आपण सारे एकच मानतो असे म्हणत नाही, यातच त्या कल्पनेचे सामर्थ्य आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली; नववी-दहावीच्या वर्गात त्या एका कल्पनेवर आठवडाभर चर्चा घडविण्याचे धैर्य आपल्याला अद्याप झालेले नाही.

माहितीने बुद्धी शुद्ध होते, पण स्वभाव सहवासानेच बदलतो. या बाबतीत महाराष्ट्राजवळ दोन प्रयोग आहेत. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत असे समाजनिहाय वसतिगृहांचे जाळे उभारले. त्या काळी कोणताही वर्ग दुसऱ्याच्या मुलांची जबाबदारी घेईना, म्हणून ज्याच्या त्याच्या पुढाऱ्यांना कामाला लावण्याचा तो राजनीतिज्ञाचा मार्ग होता आणि त्याने हजारोंचे कल्याण केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास पुढचे पाऊल टाकले: सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एका चुलीवरचे अन्न स्वतः रांधून, एका पंगतीत जेवू लागली, आणि १९२७ साली गांधींनी ते वसतिगृह येऊन पाहिले. मला हा दुसरा प्रयोग महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील सर्वात क्रांतिकारक घटनांपैकी एक वाटतो. सहिष्णुतेचा एकही धडा न देता त्याने जे केले ते मूल्यशिक्षणाच्या तासिकांना साधलेले नाही.

आता गडचिरोलीकडे पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात माडिया आणि इतर गोंड आहेत, अहेरी-सिरोंचाकडे तेलुगू बोलणारे आहेत, बौद्ध आहेत, बाजारपेठांच्या गावांतून मुसलमान व्यापारी आहेत; आणि मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूस, साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातील धार्मिक छळाने देशोधडीला लागून दंडकारण्याच्या वाटेने येथे आणून वसविलेले बंगाली आहेत. धर्मद्वेष माणसाचे घर कसे गिळतो, याचे जिवंत साक्षीदार ज्या जिल्ह्यात राहतात, तेथील आश्रमशाळेतल्या मुलाला त्यांच्या कहाणीचा पत्ता नसावा! आश्रमशाळेची रचनाच अशी की तिच्यात बहुतांश आदिवासी मुलेच असतात. आदिवासी मुलाला तेथे निवास, अन्न व संरक्षण मिळाले हे खरे, पण शेजाऱ्याच्या मुलाशी एका बाकावर बसण्याची संधी हिरावली गेली. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट मुलांच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या होत्या. १९८१ मध्ये बेलफास्टच्या पालकांनी अवघ्या २८ मुलांवर लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा सुरू केली, तेव्हा शहरात बॉम्ब फुटत होते. आमच्याकडे तर अजून शांतता आहे. भामरागडच्या आणि मुलचेऱ्याच्या शाळांतील मुलांनी वर्षातून एखादा महिना एकमेकांच्या वसतिगृहांत राहून एकत्र शिकावे, एवढी तजवीज करण्यास कोणत्या युद्धाची वाट पाहायची?

निवासी शाळेचा दुसरा धोका कॅनडाने जगाला दाखविला आहे: आदिवासी मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा व देव विसरायला लावणाऱ्या शाळांबद्दल तेथील पंतप्रधानांना २००८ साली संसदेत क्षमा मागावी लागली. हेमलकशाच्या आश्रमशाळेचा, १९७६ पासूनचा, अनुभव वेगळा झाला तो डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडियांना प्रथम आपल्यासारखे होण्याची अट घातली नाही म्हणून. दवाखान्यात येणारा रुग्ण आधी पुजाऱ्याकडे जाऊन आला म्हणून त्यांनी त्याला हिणवले नाही, आणि धर्म बदल असेही सांगितले नाही. औषधाचा गुण हेच उत्तर ठेवले. त्या शाळेतून माडियांचा पहिला डॉक्टर निघाला. २०१५ मध्ये नेलगुंड्यास साधना विद्यालय निघाले, आणि धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. मोहगावच्या शाळेपुढे शासनमान्यतेची अडचण उभी राहिली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य अनुच्छेद ३५०-अ ने १९५६ पासून राज्यावर टाकलेले असताना, गावाने ते आपल्या अंगावर घेतले तर शासनाने मार्ग काढून द्यावा, अडवू नये.

येथवरच्या विवेचनाने कोणी असा अर्थ काढील की माडिया परंपरेतील सारेच जपण्याजोगे आहे. तसे नाही, आणि तसे म्हणणे हा त्या लोकांचा एक प्रकारे अपमानच होईल. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना, विशेषतः एकाकी बायकांना, मारहाण झाल्याचे प्रकार या जिल्ह्यात घडले आहेत. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाबाहेरच्या कुर्माघरात, पावसापाण्यात, सापाविंचवांत राहावे लागते. ही स्वकीयांविषयीची असहिष्णुता आहे, आणि शाळेने तिच्याविषयी गप्प बसू नये. फक्त क्रम चुकू नये. ज्या शिक्षकाने पंडुमाविषयी आदराने प्रश्न विचारले, त्याने कुर्माघराविषयी विचारलेला प्रश्न मुली ऐकतील. ज्याने पहिल्या दिवसापासून 'जंगली' हा शब्द वापरला, त्याचे विज्ञानही त्यांना शिवीसारखे वाटेल. शिवाय टीकेची सवय प्रत्येकाने आपल्या घरापासून लावून घ्यावी, हा नियम गुरुजींनाही लागू आहे: ज्या गुरुजींच्या घरी पाळीच्या चार दिवसांत बायकोला स्वयंपाकघर बंद असते, त्यांनी आधी ते उघडावे.

अखेरीस सारे या शिक्षकावर येऊन ठेपते, आणि आपल्या राज्यात भामरागडची नेमणूक ही शिक्षेची बदली मानली जाते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटला की जगाशी संबंध तुटतो, बायकामुले दूर असतात, परतीचा अर्ज खिशात घेऊनच तो हजर होतो. त्याच्याकडून पाच वर्षांत माडिया शिकण्याची अपेक्षा करणे कठीण आहे. पण त्याच गावांतून आता बारावी, पदवी झालेली तरुण मुले-मुली आहेत. भामरागडच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाने त्यांना शिक्षक होण्यासाठी खास विद्यावेतन द्यावे. प्राथमिक वर्गांच्या 'परिसर अभ्यास' विषयात पेरमा, गावचे म्हातारे, बाजारातला मुसलमान दुकानदार, दवाखान्यातली ख्रिस्ती परिचारिका यांना मुलांनी भेटून प्रश्न विचारावेत व उत्तरे माडियात आणि मराठीत लिहून काढावीत. आणि बालभारतीने यांतील निवडक लेखन नागपूर-पुण्याच्या मुलांच्या पुस्तकांत छापावे, कारण त्याची गरज तिकडे अधिक आहे. यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. रजिस्टरातला रकाना विचारून भरणे आणि परिपाठात पंडुमाचा दिवस नोंदणे या दोन गोष्टी तर शाळा व्यवस्थापन समिती पुढच्या बैठकीत ठराव करून सुरू करू शकते, आणि त्या समितीत पालकांचे बहुमत असते.